दूरचित्रवाणीचे जाडे आणि तलम चित्र

या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी कामगार चळवळीवर बोलावे अशी त्यांची अपेक्षा असणार, हे मी जाणून होतो. मी विषय कळवला तो दूरचित्रवाणीच्या चित्राचा : जाडे चित्र कोणते, तलम चित्र कोणते, हा भेद आला कोठून, आणि त्याचे आपल्याला काय. ‘तुमचा नि या विषयाचा संबंध काय?’ असे चालकांनी सौजन्यामुळे विचारले नाही. परंतु तो प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आला असेल, तेव्हा त्याचे उत्तर आधी देऊन टाकतो.

संबंध दोन आहेत. काही वर्षांमागे गच्चीगच्चीवरून केबलच्या तारा ओढणाऱ्या मुलांची गाऱ्हाणी घेऊन मी भांडत होतो. ज्या कामाबद्दल भांडायचे ते काम आधी आपल्याला कळले पाहिजे, हा आमच्या चळवळीतला जुना धडा आहे. त्या मुलांनी मला गच्चीवर बसवून त्यांचा धंदा समजावून दिला. मी रात्रशाळेत शिकलेला माणूस; उरलेले मी वाचनालयात बसून, अडत अडत, पुस्तकांतून घेतले. दुसरा संबंध असा, की माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. सूत किती नंबरी, इंचात धागे किती, कापडाला खळ किती, हे शब्द माझ्या कानांवर लहानपणापासून पडत आले. पुढे दूरचित्रवाणीचे चित्र कसे तयार होते ते वाचले, तेव्हा माझ्या ध्यानात आले की हे तर विणकामच आहे. म्हणून माझ्या वडिलांच्या भाषेतच हा विषय आपल्यापुढे मांडतो. गिरणगावातल्या श्रोत्यांना ती भाषा परकी वाटणार नाही.

चित्र दूर पाठवायचे म्हणजे काय करायचे? छापखान्यात ठसा एकदम संपूर्ण उमटतो. विजेच्या लहरीवरून मात्र सगळे चित्र एकदम धाडता येत नाही. ते उसवून, एका धाग्यासारखे करून धाडावे लागते. म्हणून चित्राच्या आडव्या रेघा पाडायच्या. पहिल्या रेघेवर डावीकडून उजवीकडे उजेड किती, अंधार किती, हे मोजीत जायचे. ती संपली की दुसरी, मग तिसरी. पलीकडच्या संचात त्याच क्रमाने त्या रेघा पुन्हा मांडायच्या. साच्यावर धोटा एकेक बाणा टाकीत जातो आणि बघता बघता कापड तयार होते, तसेच हे. साध्या विणीत ताण्याचे विषम धागे एका खेपेस वर उचलले जातात आणि सम धागे पुढल्या खेपेस, हे साचेवाल्यांना सांगायला नको. दूरचित्रवाणीतही हेच केले गेले. आधी पहिली, तिसरी, पाचवी अशा विषम रेघा काढायच्या आणि मग दुसरी, चौथी, सहावी अशा सम रेघा. आपल्याकडच्या पद्धतीत सेकंदाला २५ पूर्ण चित्रे, म्हणजे ५० अर्धी चित्रे काढली जात. घरातल्या विजेची आवर्तनेही सेकंदाला ५० असतात. हा मेळ मुद्दाम घातलेला होता. डोळ्याला हे अर्धे-अर्धे तुकडे दिसत नाहीत, सलग चित्र दिसते.

आता रेघा थोड्या असल्या तर चित्र मांजरपाटासारखे जाडेभरडे होणार आणि पुष्कळ असल्या तर मलमलीसारखे तलम होणार, हे उघड आहे. ‘डेफिनिशन’ या इंग्रजी शब्दाचा येथे एवढाच अर्थ : चित्रातला तपशील किती बारकाईने वेगळा दिसतो तो.

या शब्दाचा इतिहास मोठा मौजेचा आहे. २६ जानेवारी १९२६ रोजी लंडनमध्ये जॉन लोगी बेअर्ड याने आपल्या खोलीत काही शास्त्रज्ञांना दूरचित्रवाणीचा प्रयोग करून दाखवला. त्याच्या चित्रात रेघा होत्या अवघ्या ३०. समोर माणसाचा चेहरा आहे आणि तो हलतो आहे, एवढे त्यात कळत असे. पुढे १९३५ साली ब्रिटिश सरकारच्या समितीने ठरवले, की जनतेसाठी जी सेवा सुरू करायची तिचे चित्र ‘हाय डेफिनिशन’ असले पाहिजे. आणि त्याची व्याख्या काय केली? रेघा २४० पेक्षा कमी असता कामा नयेत! २ नोव्हेंबर १९३६ रोजी बीबीसीने लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून जी सेवा सुरू केली, तीत बेअर्डची २४० रेघांची आणि मार्कोनी-ईएमआय कंपनीची ४०५ रेघांची अशा दोन पद्धती आलटून पालटून चालत. दुसरी सरस ठरली आणि थोड्याच महिन्यांत पहिली गळाली. हीच ती हाय डेफिनिशन! आज ज्या चित्राला दुकानदार ‘साधे’ म्हणून नाक मुरडतो, त्याच्याहूनही ते जाडे होते. तेव्हा ‘उच्च’ हा शब्द मोजमापाचा नाही, त्या त्या काळाचा आहे, एवढी खूणगाठ आपण बांधून ठेवू.

त्याच १९३६ साली पुण्याच्या प्रभात कंपनीने ‘संत तुकाराम’ हा बोलपट आणला, आणि पुढल्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. मी त्याचे नाव येथे मुद्दाम घेतो. फिल्मवर रेघा नसतात. चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म कण असतात. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर जितका तपशील मावतो त्याच्या जवळपासही ते ४०५ रेघांचे चित्र जात नव्हते. म्हणजे आपल्या लोकांना तलम चित्र ठाऊकच नव्हते असे नाही. लालबागच्या भारतमाता सिनेमात बसणाऱ्या गिरणी कामगाराने ते पडद्यावर मनसोक्त पाहिले होते. जाडे चित्र त्याच्या घरी आले ते नंतर. ते घरी आले, हेच त्याचे मोठेपण.

महायुद्धानंतर देशोदेशी रेघांची चढाओढ लागली. अमेरिकेने ५२५ रेघा आधीच घेतल्या होत्या, फ्रान्सने एकदम ८१९ वर उडी मारली, आणि युरोपातील बहुतेक देश ६२५ वर स्थिरावले. फ्रान्सचे चित्र सर्वांत तलम होते. पण ते वाहून न्यायला लहरींची जागाही तितकीच अधिक लागे आणि संचही महाग पडत. अखेर १९८० नंतर फ्रान्सने ती पद्धत बंद केली. तलम सूत काढता आले म्हणजे ते बाजारात टिकतेच असे नाही, हा गिरणीतला अनुभव येथेही आला.

भारताने ६२५ रेघांची पद्धत घेतली. दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजी प्रयोग म्हणून प्रक्षेपण सुरू झाले आणि मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी वरळीस सुरू झाले. सुमारे ३०० मीटर उंचीचा तो लोखंडी मनोरा उभा राहिला तेव्हा गिरण्यांच्या चिमण्यांची उंची एकदम खुजी झाली. १९७३ साली सिंहगडावरील केंद्राने हे चित्र पुण्यापर्यंत पोचवले. ६२५ रेघांपैकी प्रत्यक्ष चित्र असते ते ५७६ रेघांत. उरलेला वेळ चित्र काढणाऱ्या किरणाला पुन्हा वरच्या कोपऱ्यात परतण्यासाठी लागे.

आमच्या मजल्यावर एकच संच होता. लाकडी पेटी, तिला सरकती दारे, आणि दारांना कुलूप. ‘ज्ञानदीप’, ‘गजरा’, ‘कामगार विश्व’ लागले की खोलीत पोरे जमिनीवर, बाया खाटेवर आणि पुरुषमाणसे गॅलरीत उभी, अशी व्यवस्था असे. एकाने गच्चीवर जाऊन अँटेनाचे तोंड वरळीकडे फिरवायचे आणि दुसऱ्याने जिन्यातून ओरडायचे, ‘आलं! नाही, गेलं! थोडं मागं!’ आजूबाजूच्या इमारतींवर आदळून आलेल्या लहरींमुळे बातम्या सांगणाऱ्या बाईंना कधी कधी दोन-दोन नाके दिसत. त्या चित्राला आम्ही कधी जाडे म्हटले नाही. ‘स्टँडर्ड डेफिनिशन’ हा शब्दच तेव्हा कोणी ऐकला नव्हता. धाकटा भाऊ जन्मल्याखेरीज कोणी थोरला होत नाही. तसे तलम चित्र आल्यावर आमच्या चित्राला ‘साधे’ हे नाव मिळाले.

आता मी १९८२ सालाकडे येतो. १८ जानेवारीला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार, नेते डॉ. दत्ता सामंत. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. त्याच वर्षी, १५ ऑगस्टला, इन्सॅट उपग्रहावरून देशभरचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि दूरचित्रवाणी रंगीत झाली. नोव्हेंबरात दिल्लीस आशियाई खेळ भरले. ते रंगांत दिसावेत यासाठी ही सारी घाई होती. वर्तमानपत्रांत रंगीत संचांच्या जाहिराती येऊ लागल्या, आणि आमच्या मजल्यावरचा तो कुलपाचा संच संपाच्या आठव्या महिन्यात विकला गेला. ज्यांचा होता त्यांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. आशियाई खेळ आम्ही पाहिले ते रस्त्यापलीकडच्या दुकानाच्या काचेतून. दुकानदाराने आम्हां पोरांना कधी हाकलले नाही, हे त्याच्यासंबंधी सांगितले पाहिजे.

रंग आले तरी रेघा तितक्याच राहिल्या, हे लक्षात घ्यावे. ‘पाल’ नावाची जी जर्मन पद्धत आपण घेतली तिने जुन्या ६२५ रेघांवरच रंगाचा हात फिरवला. त्यामुळे जुन्या कृष्णधवल संचावरही ते चित्र दिसत राहिले. कापड तेच, छपाई रंगीत. ही तडजोड शहाणपणाची होती; ज्याच्याकडे जुना संच होता त्याचा संच त्या दिवशी निकामी झाला नाही.

इकडे जपानात निराळाच खटाटोप चालू होता. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर तिथल्या एनएचके या सार्वजनिक संस्थेने पुढच्या पिढीच्या चित्राचे संशोधन हाती घेतले. पडदा रुंद हवा, आणि जवळ बसूनही रेघा दिसता कामा नयेत, असा त्यांचा हेतू होता. त्यांनी ११२५ रेघांचे चित्र सिद्ध केले. अडचण पुन्हा तीच, फ्रान्सची : एवढा माल वाहायचा कशावरून? उत्तर मिळाले ते संगणकाच्या आकडेमोडीतून. चित्र लहरींच्या चढउतारांऐवजी आकड्यांत लिहायचे, आणि जे आकडे पुन्हा पुन्हा येतात ते दर वेळी न धाडता ‘मागचेच घ्या’ अशी सूचना तेवढी धाडायची. बातम्या सांगणाऱ्या माणसाच्या मागची भिंत हलत नाही. ती दर खेपेस नव्याने कशाला पाठवायची? या युक्तीमुळे तलम चित्राचे गाठोडे कित्येक पटींनी आवळता येऊ लागले.

या नव्या आकडेशाहीत रेघांबरोबर ठिपकेही मोजतात. साधे चित्र म्हणजे ५७६ रेघा आणि प्रत्येक रेघेत ७२० ठिपके : एकूण ४,१४,७२०. पूर्ण एचडी चित्र म्हणजे १०८० रेघा आणि प्रत्येकीत १९२० ठिपके : एकूण २०,७३,६००. गुणाकार करून पाहा, बरोबर पाचपट येते. त्याशिवाय जुन्या चित्राची रुंदी आणि उंची यांचे प्रमाण ४ : ३ होते, ते आता १६ : ९ झाले. जुना कार्यक्रम नव्या संचावर ताणून लावला की नटनट्या एकदम लठ्ठ दिसतात, त्याचे कारण हे. त्यांचा काही दोष नाही. मोबाईलवर चित्र पाहताना ४८०, ७२०, १०८० असे आकडे निवडायला मिळतात, त्या ह्याच रेघा होत. आणि दुकानात ‘एचडी रेडी’ आणि ‘फुल एचडी’ अशा दोन पाट्या असतात त्यांत फरक आहे. पहिलीवर निदान ७२० रेघा मिळतात, दुसरीवर १०८०.

भारतात दूरदर्शनची एचडी वाहिनी आली ती ऑक्टोबर २०१० मध्ये, दिल्लीतील राष्ट्रकुल खेळांच्या वेळी. १९८२ साली रंग खेळांनी आणले आणि २०१० साली तलमपणाही खेळांनीच आणला. मुंबईत ३१ ऑक्टोबर २०१२ नंतर केबलचे जुने प्रक्षेपण कायद्याने बंद झाले आणि घरोघर सेट टॉप बॉक्स बसले. मराठी वाहिन्यांची एचडी रूपे निघाली ती २०१६ च्या सुमारास. जमिनीवरच्या मनोऱ्यांवरून येणारे दूरदर्शनचे जुने प्रक्षेपणही २०२२ पर्यंत देशात बहुतेक ठिकाणी थांबले.

हा झाला इतिहास. आता मला जे सांगायचे आहे तिकडे वळतो.

मला लोक विचारतात, ‘कामगारनेते, एचडी घ्यावं का?’ मी उलट विचारतो, ‘तुमची खोली केवढी? संच केवढा? आणि बसता कुठे?’ निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाहून बारीक तपशील वेगळा दिसत नाही. त्यावरून हिशेब करता असे निघते, की पडद्याच्या उंचीच्या सहापट अंतरावर बसले तर ५७६ रेघा डोळ्याला पुरतात. तिथून अधिक रेघा असल्या तरी त्या दिसत नाहीत. एचडीच्या १०८० रेघा पुऱ्या दिसायला उंचीच्या सुमारे तिप्पट अंतरावर बसावे लागते. बत्तीस इंची संचाची उंची सुमारे सोळा इंच. सहापट म्हणजे आठ फूट. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत आठ फुटांवर भिंतीला टेकून बसणाऱ्या आजोबांना त्यावर एचडी असले काय नि नसले काय, सारखेच. तेच त्रेचाळीस इंची संचासमोर सात फुटांवर बसलात तर फरक स्वच्छ दिसेल. आणि त्या खोलीत कोणी चौपट ठिपक्यांचा ‘फोर के’ संच आणला, तर त्याचा पुरता मोबदला मिळवण्यासाठी त्याला पडद्यापासून तीन फुटांच्या आत नाक नेऊन बसावे लागेल. हा हिशेब कोणत्याही दुकानात लावलेला मी पाहिला नाही.

परंतु खोलीचा हिशेब जमला तरी काम संपत नाही. चित्र कॅमेऱ्यापासून डोळ्यापर्यंत येते ते एका साखळीतून : कॅमेरा, वाहिनीचे प्रक्षेपण, बॉक्स, तार, संच आणि शेवटी आपला डोळा. यांतली एक कडी जाडी असली तर सगळे चित्र तितकेच जाडे होते. आमच्या शेजारच्या इमारतीतील एका कुटुंबाने बोनसमधून एचडी संच घेतला आणि एचडी वाहिन्यांचे पैसेही ती मंडळी दरमहा भरीत होती. दोन वर्षांनी केबलच्या मुलाने सहज मागे वाकून पाहिले. बॉक्सपासून संचापर्यंत तार होती ती जुनी, पिवळ्या-तांबड्या-पांढऱ्या टोकांची. त्या पिवळ्या तारेतून साध्या चित्राखेरीज दुसरे काही जातच नाही. तलम चित्राला एचडीएमआयची चपटी पिन लागते. ज्याने बॉक्स बसवला त्याने हे सांगितले नाही, ज्याने पैसे घेतले त्यानेही सांगितले नाही. दोन वर्षे ती मंडळी मलमलीचे दाम देऊन मांजरपाट नेसत होती, आणि वर म्हणत होती, ‘एचडीचं चित्र काय सुंदर दिसतं!’ त्यांना हसू नका. आपण ज्याचे पैसे देतो ते सुंदर दिसलेच पाहिजे, अशी मनाची रीत असते.

दुसरी फसगत खळीची. गिरणीत हलक्या कापडाला भरपूर खळ देत; हाताला ते भरदार लागे, एका धुण्यात त्याचे पोतेरे होई. साधे चित्र एचडी संचावर लावले की संच आपल्या मनाने मधल्या रेघा भरून काढतो. चित्र थोडे भरीव दिसते. पण त्या रेघा अंदाजाच्या. त्यात नवा तपशील एक कणभरही नसतो. वाहिनीच्या नावापुढे ‘एचडी’ ही अक्षरे असली तरी आतला कार्यक्रम जुना, जाडा असू शकतो.

तिसरी गोष्ट आवळण्याची. अनंत चतुर्दशीला लालबागमध्ये श्रॉफ बिल्डिंगजवळ गणपतीवर पुष्पवृष्टी होते. ती एकदा रस्त्यात उभे राहून बघा आणि एकदा संचावर बघा. हजारो पाकळ्या, गुलाल, हात, डोकी, सगळे एकाच वेळी हलत असते. ‘मागचेच घ्या’ म्हणायला काही उरतच नाही. मग आवळलेल्या गाठोड्यात जागा अपुरी पडते आणि चित्राचे चौकोनी तुकडे पडू लागतात. पाकळ्यांचा नुसता लगदा होतो. रेघा १०८० असल्या तरी गाठोडे फार आवळले असेल तर एचडीवरही हे घडते. तेव्हा रेघांचा आकडा सांगून कोणी चित्राची हमी देत असेल तर त्याला विचारावे, आवळले किती?

आता दामाचे. वरळीच्या मनोऱ्यावरून येणारे चित्र जाडे होते. पण ज्याच्या घरी संच आणि गच्चीवर अँटेना होती त्याला ते मिळत असे, आणि वाळकेश्वरच्या बंगल्यात आणि लालबागच्या चाळीत ५७६ रेघाच पोचत. फेब्रुवारी २०१९ पासून नियामक संस्थेने जी नवी दररचना लागू केली, तीत पहिल्या शंभर साध्या वाहिन्यांना कराखेरीज १३० रुपये ठरले आणि एक एचडी वाहिनी म्हणजे दोन साध्या वाहिन्या अशी मोजणी ठरली; शिवाय पैसे देऊन घ्यायच्या वाहिनीचा एचडी भाव निराळा आणि चढा. म्हणजे एकच मालिका, एकच क्रिकेटचा सामना, पण दोन घरांत दोन पोतांचा. दूरदर्शनची फुकट डिश आहे, तीवरच्या बहुतेक वाहिन्या साध्याच आहेत. मला याबद्दल ओरड करायची नाही. कापडातही पोते आणि पैठणी हा भेद होताच. पण गिरणीच्या कापडावर सुताचा नंबर, वार, भाव छापलेला असे. चित्राच्या बाबतीत गिऱ्हाइकाला पोत मोजायचे साधन नाही. निदान प्रश्न कोणते विचारायचे ते तरी त्याला ठाऊक असावेत, म्हणून मी हा सारा प्रपंच केला.

आणखी एक गोष्ट सांगून संपवतो. खरे तर तिच्यासाठीच मी हा विषय घेतला.

गिरण्या गेल्या. त्यांच्या जागी मॉल आले, उंच इमारती आल्या, लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात तर वृत्तवाहिन्यांच्याच कचेऱ्या आल्या. मी काही वर्षांपूर्वी १९८२ च्या संपाची हलती चित्रे शोधू लागलो. माझ्या हाती फार थोडी लागली, आणि लागली ती जाडी, कितीदा तरी प्रतीवरून प्रत काढलेली. एका तुकड्यात साचेखात्यातल्या माणसांचा घोळका दिसतो. मी वडिलांना त्यात शोधले. ज्या जागी ते असावेत असे मला वाटते, तिथे चार ठिपके आहेत. मी ते चित्र मोठे करून पाहिले, तेव्हा ते चार मोठे ठिपके झाले. नव्या संचावर लावले, तेव्हा संचाने आपल्या मनाने त्यांना गुळगुळीत करून दिले. चेहरा काही आला नाही. जो धागा विणताना पडला नाही तो मागाहून कोणतीही खळ आणू शकत नाही.

हे दुःख आपल्या एकट्याचे नाही. १९६९ साली माणूस चंद्रावर उतरला तेव्हा तिथून आलेले मूळ चित्र, घरोघर दिसलेल्या चित्राहून, चांगले होते. त्या मूळ मुद्रणाच्या फिती पुढे पुसून दुसऱ्या कामाला वापरल्या गेल्या, असे अमेरिकेच्या अवकाश संस्थेने २००९ साली कबूल केले. जगाने जपून ठेवली ती प्रत. फिती महाग, म्हणून पुसून पुन्हा वापरायच्या, ही चाल बीबीसीतही होती आणि तिथले कित्येक जुने कार्यक्रम त्यात नाहीसे झाले. मूळ फिल्म जर कोठे टिकली असेल तर तिच्यातून आजही नवे, तलम चित्र काढता येते. जाड्या फितीतून तसे काही निघत नाही.

संपाच्या वेळी पंचवीस-तीस वर्षांचे असलेले कामगार आज सत्तरीच्या घरात आहेत. त्यांचे हात अजून आहेत. धागा तुटला की गाठ कशी मारायची ते त्या हातांना अजून ठाऊक आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात जो मोबाईल आहे त्याचा कॅमेरा १०८० रेघांचे चित्र घेतो. दहा-अकरा वर्षांच्या ज्या पोराने दुकानाच्या काचेतून खेळ पाहिले, त्याला असे यंत्र कधी आपल्या खिशात असेल हे स्वप्नातही खरे वाटले नसते. तेव्हा या सुट्टीत घरातल्या म्हाताऱ्या माणसासमोर बसा, खिडकीचा उजेड त्याच्या तोंडावर येईल असे बसा, आणि त्याला त्याचे खाते, त्याचा साचा, त्याचा जॉबर, त्याचा संप यांविषयी बोलते करा. मात्र एक सांभाळा. ते चित्र व्हॉट्सॲपवरून नातेवाइकांना धाडता तेव्हा ते वाटेत आवळले जाते आणि पलीकडे जाडे होऊन पोचते. म्हणून प्रत खुशाल फिरवा, पण मूळ चित्र निराळे, दोन ठिकाणी, जपून ठेवा. मोबाईल बदलताना ते आधी उतरवून घ्या.

चाळीस वर्षांनी कोणी नातू आपल्या आजोबाला त्या घोळक्यात शोधील, तेव्हा त्याला चेहरा सापडावा, इतकीच माझी इच्छा आहे.